हॉस्पिटलच्या तीन वर्षांच्या नियोजनात डॉक्टरांना कसं बसवायचं?

व्यवस्थापक_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. सोलापुरात ४० खाटांचं मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटल. पाच डॉक्टर भागीदार, शिवाय येऊन-जाऊन असणारे अठरा कन्सल्टंट. पेशंट शहरातले, तसेच अक्कलकोट, तुळजापूर आणि कर्नाटकातल्या इंडी, अफझलपूर या बाजूचे.

पुढच्या तीन वर्षांचं ठरवायचंय. टेबलावर चार प्रस्ताव आहेत: दुसरं ओटी (ऑपरेशन थिएटर), चार डायलिसिस मशीन, आयसीयूच्या खाटा सहावरून दहा, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नाव नोंदवणं. सगळं एकदम होणार नाही, कर्जाला मर्यादा आहे.

अडचण ठरलेलीच. बैठक लावली की "तुम्ही ठरवा, आम्हाला सांगा." ठरवून सांगितलं की "आम्हाला कुणी विचारलंच नाही."

तीन प्रश्न: कुणाला बोलवायचं, त्यांना नेमकं काय विचारायचं, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्यायचे का? चकचकीत पीपीटीचे सल्ले नकोत, ज्यांना आतलं काम माहीत आहे त्यांनी लिहावं.

कडकभाकरी

मीटिंगला मारी बिस्किट ठेवताय ना? मग कोण येतंय ओ. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही ठेवा. न बोलावलेले पण येतील की.

ताणाबाणा

भाकरीचं नंतर बघू. "आराखड्यावर मत द्या" हा प्रश्नच चुकीचा आहे. बाहेर चाळीस पेशंट बसलेले असताना त्याला कुणीही "ठीक आहे" एवढंच म्हणणार. डॉक्टरला केस सांगतात तसा प्रस्ताव सांगा: तक्रार काय, तपासण्या काय, पर्याय काय, काहीच केलं नाही तर काय होईल. एका प्रस्तावाला एक कागद, पाठपोट नाही. तो चार दिवस आधी हातात द्यायचा. व्हॉट्सॲपवर टाकलेली पीडीएफ कुणी उघडत नाही, छापील कागद ओपीडीच्या टेबलावर ठेवा.

आकडे गेल्या बारा महिन्यांचे आणि महिनावार हवेत. खाटांचं गणित साधं आहे. ४० खाटा गुणिले ३० दिवस म्हणजे १२०० खाट-दिवस. त्यातले ७८० भरले तर ६५ टक्के. महिन्यात २४० डिस्चार्ज असतील तर सरासरी मुक्काम सव्वातीन दिवस.

आता गोम. ही मोजणी बहुतेक ठिकाणी रात्री बाराला होते. मोतीबिंदू, एंडोस्कोपी, छोट्या गाठी, सगळं डे-केअर सकाळी येऊन संध्याकाळी घरी गेलेलं असतं, म्हणून कागदावर खाटा रिकाम्या दिसतात. आणि सकाळी अकराला कॅज्युअल्टीतल्या पेशंटला खाट मिळत नसते. ६५ टक्के ऐकून भागीदार म्हणतात "जागा आहे की", फिजिशियन म्हणतो "खोटं आहे". दोघंही बरोबर असतात. महिनाभर सकाळी अकरालाही मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. डॉक्टर बैठकीला हवेत ते यासाठीच. आकडा कुठे खोटं बोलतोय हे त्यांना लगेच कळतं.

कुणाला बोलवायचं? ज्यांचे पैसे लागलेत ते भागीदार येतातच. ज्यांच्या केसेस जास्त ते सर्जन-फिजिशियनही आठवतात. विसरले जातात ते ज्यांच्यापाशी सगळ्यांचं काम अडतं: भूलतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट. दुसऱ्या ओटीचा निर्णय भूलतज्ज्ञाशिवाय घेणं म्हणजे लूम आणायचा आणि सूत कोण देणार हे विचारायचंच नाही.

भूलवाला

माझं नाव निघालंच आहे तर लिहितो.

दुसरं ओटी मागायच्या आधी चार आठवडे प्रत्येक केसच्या चार वेळा लिहा: पेशंट ओटीत आत, भूल सुरू, छेद, पेशंट बाहेर. भिंतीवरच्या एकाच घड्याळाच्या वेळा, मनगटावरच्या नाहीत. पाचव्या रकान्यात उशीर झाला असेल तर कारण, एका शब्दात.

कारणं ठरावीकच निघतात. नऊची केस पावणेदहाला आत येते, कारण सर्जनचा दुसऱ्या हॉस्पिटलचा राऊंड लांबलेला असतो, संमतीपत्रावर सही नसते, ईसीजी केलेला पण फाईलला लावलेला नसतो, नाहीतर नातेवाइकाने प्रेमाने चहा पाजलेला असतो. पुढच्या सगळ्या केसेस तेवढ्याच सरकतात. संध्याकाळी सात वाजता सगळे म्हणतात ओटी कमी पडतंय.

दुसरी जागा दोन केसमधल्या वेळेची. लॅप्रोस्कोपीचा सेट एकच असेल तर पहिली केस संपल्यावर तो सुटा करून धुवायचा आणि २ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये बुडवायचा. हाय-लेव्हल डिसइन्फेक्शनला निदान २० मिनिटं लागतात, निर्जंतुकीकरण म्हणायचं तर १० तास. मग निर्जंतुक पाण्याने खळबळायचं, पुसायचं, जोडायचं. घाईत ही २० मिनिटं कधी १२ होतात ते कुणी लिहीत नाही. अशा ठिकाणी दुसऱ्या ओटीआधी दुसरा सेट घ्या, आणि जमलं तर ऑटोक्लेव्हमध्ये चालणारा घ्या.

दुसरं ओटी म्हणजे नुसती खोली नाही. दुसरं ॲनेस्थेशिया वर्कस्टेशन, मॉनिटर, डिफिब्रिलेटर, एसीचं वेगळं युनिट, आणि त्याच वेळी मोकळा असलेला दुसरा भूलतज्ज्ञ. हा शेवटचा कोटेशनमध्ये येत नाही.

विजापूर रोड

सर्जन म्हणून असहमत. वेळेवर सुरू होण्याचं मान्य, आमच्या बाजूने चूक होते. पण एकच टेबल हा नुसता वेळेचा प्रश्न नाही. आत हर्नियाची केस चालू आहे, पोट उघडलंय, आणि खाली बाळाचे ठोके कमी होत असलेली बाई आली, तर काय करणार? तुमच्या सरासरीत ती बाई दिसणार नाही. ज्या हॉस्पिटलात प्रसूती होतात तिथे दुसरं टेबल ही सोय नाही, गरज आहे.

भूलवाला

बरोबर. मग सहावा रकाना घाला: टेबल भरलेलं असताना तातडीची केस आली का, आणि ती किती मिनिटं थांबली. मागचं वर्ष कॅज्युअल्टी रजिस्टर आणि ओटी रजिस्टर शेजारी ठेवून काढता येतं, दोन दुपारचं काम आहे. थांबलेल्या केसेस निघाल्या तर माझं मत बदलेल. पूर्ण ओटी नाही तरी लेबर रूमला लागून एक सिझेरियनपुरतं टेबल पुढे येईल.

व्यवस्थापक_जुळेसोलापूर

हे दोन रजिस्टर शेजारी ठेवणं डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच काढायला सांगतो. डायलिसिसबद्दल कुणी?

मूत्रपिंड

डायलिसिसचा प्रस्ताव सहसा मशीनच्या किमतीवरून सुरू होतो आणि पाण्यावर आपटतो. आपल्या गावात तर नक्कीच.

हिशोब मांडा. डायलिसेट (रक्त शुद्ध करताना मशीनमधून वाहणारं द्रावण) मिनिटाला ५०० मिली, चार तास म्हणजे २४० मिनिटं: १२० लिटर. धुणं, प्रायमिंग, मशीनचं निर्जंतुकीकरण धरून एका सेशनला १५० लिटर आरओचं पाणी धरा. चार मशीन, दोन शिफ्ट, आठ सेशन: रोज १२०० लिटर. आरओ साधारण निम्मं पाणी फेकतो, म्हणजे कच्चं पाणी २४०० लिटर. नळ पाच दिवसांआड येणार असं धरून साठा केला तर १२,००० लिटर, आणि तो फक्त या चार मशीनसाठी. वॉर्ड, ओटी, संडास वेगळं. गच्चीवरची टाकी तेवढं वजन पेलते का हे इंजिनिअरला विचारा, १२,००० लिटर म्हणजे बारा टन.

बोअरचं पाणी चालेल असं वाटतं, पण जड पाण्याने मेम्ब्रेन लवकर चोंदते. आधी सॉफ्टनर हवा आणि त्याला मिठाचं रीजनरेशन ठरल्या दिवशी व्हायला हवं. टँकरच्या पाण्यात कुणीतरी ब्लीचिंग पावडर सढळ हाताने टाकलेली असते. कार्बन फिल्टर संपलेला असेल तर ते क्लोरीन, क्लोरामाइन पुढे जाऊन पेशंटच्या रक्तपेशी फोडतं. मर्यादा एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिलिग्रॅम, आणि ती रोज पहिल्या शिफ्टच्या आधी तपासायची.

आता क्षमता. प्रस्तावात "चार मशीन" असेल, पण हिपॅटायटिस बी असलेल्या पेशंटचं मशीन आणि जागा वेगळीच ठेवावी लागते. उरली तीन. तीन मशीन, दोन शिफ्ट, सहा दिवस: आठवड्याला ३६ जागा. आठवड्यातून तीनदा करणारे १२ पेशंट, दोनदा करणारे १८. कर्जाचा हप्ता या आकड्यावर बसतो का ते बघा, चार मशीन गुणिले तीन शिफ्ट गुणिले तीस दिवस या स्वप्नावर नको.

आणखी एक, फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचायला हातातली शीर आणि धमनी जोडणं) कोण करणार? तो तयार व्हायला सहा आठवडे तरी जातात. सर्जन ठरलेला नसेल तर सगळे पेशंट मानेतल्या कॅथेटरवर राहतात आणि जंतुसंसर्ग वाढतो. म्हणजे डायलिसिसच्या बैठकीला नेफ्रॉलॉजिस्ट एकटा पुरत नाही.

कडकभाकरी

म्हणजे पहिला स्ट्रॅटेजिक पार्टनर कोण, तर आमच्या गल्लीचा पाणी सोडणारा. त्याला बोलवा बे मीटिंगला, डॉक्टर नंतर बघू.

मूत्रपिंड

हसू नका, खरंच बोलवा. नाहीतर निदान तुमच्या इमारतीचा प्लंबर तरी. नळाला मोटर न लावता तासाला किती लिटर येतं हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नसतं.

सिस्टर_इन्चार्ज

तिसऱ्या प्रस्तावावर लिहिते. आयसीयूच्या चार खाटा वाढवायच्या म्हणजे चार पलंग, चार मॉनिटर नाही. माणसं मोजा.

दोन पेशंटला एक सिस्टर धरली, व्हेंटिलेटर असेल तर एकास एक, पण तूर्त दोनास एक. दहा खाटांना एका शिफ्टला पाच जणी. दिवसाच्या तीन शिफ्ट, सात दिवस: आठवड्याला १०५ ड्युट्या. एक सिस्टर सहा करते. १०५ भागिले ६ म्हणजे साडेसतरा. रजा, आजारपण, मॅटर्निटी, सोडून जाणं याचे २० टक्के वर: २१ जणी. सध्याच्या सहा खाटांना याच हिशोबाने तेरा लागतात. म्हणजे आठ नवीन, आणि त्याही व्हेंटिलेटर हाताळलेल्या. नव्याने आलेलीला एकटीला ड्युटी द्यायला तीन महिने तरी लागतात. खाटा एप्रिलमध्ये सुरू करायच्या तर भरती जानेवारीत.

दुसरं, आयसीयू भरलेलं का दिसतं ते बघा. पेशंट वॉर्डात न्यायच्या लायकीचा सकाळी सातला झालेला असतो, पण "शिफ्ट करा" हे डॉक्टर संध्याकाळच्या राऊंडला सात वाजता लिहितात. एक खाट बारा तास अडली. रोज दोन पेशंटचं असं झालं की एक पूर्ण खाट गेली. बाहेर हलवायचे निकष लिहून द्या: बारा तास प्रेशरचं औषध नाही, ऑक्सिजन ठरल्या मर्यादेत, शुद्धीवर वगैरे. निकष बसले की ड्युटी डॉक्टरने फोन करून हलवायचं. हे निकष फक्त कन्सल्टंटच ठरवू शकतात. यासाठी त्यांना बोलवा, फर्निचरचा रंग निवडायला नको.

विजापूर रोड

सिस्टर, शंभर टक्के. फक्त तो ड्युटी डॉक्टर आयुर्वेदाचा किंवा होमिओपॅथीचा आणि रात्री एकटा असेल तर निकष कितीही लिहा, तो फोन केल्याशिवाय हलवणार नाही, आणि हलवू नयेच. फोन उचलण्याची जबाबदारी आमची, ती पण त्या कागदावर लिहा.

ताळेबंद

पैशाच्या प्रश्नावर. माझं मत: द्यायचेच. पण कसे, यात लोक घोळ घालतात.

ठरावीक रक्कम, दर बैठकीला, हजेरी आणि आधी वाचून आलेल्या कागदावरच्या शेऱ्याला. येऊन-जाऊन असणाऱ्या कन्सल्टंटला व्यावसायिक शुल्क म्हणून, १० टक्के टीडीएस कापून, वेगळ्या शीर्षाखाली. पगारदार असेल तर पगारातच. भागीदाराला मात्र करारनाम्यात मेहनताना लिहिलेला असेल तसाच, नवीन काही काढू नका.

कटाक्षाने टाळा: "जो जास्त केसेस आणतो त्याचं मानधन जास्त." पेशंट पाठवण्याच्या बदल्यात पैसे देणं-घेणं २००२ च्या डॉक्टरांच्या आचारसंहितेत कलम ६.४ खाली निषिद्ध आहे. नियोजनाचं मानधन त्याचा आडमार्ग दिसता कामा नये. म्हणून रक्कम सगळ्यांना सारखी, सर्जनला आणि पॅथॉलॉजिस्टला एकच.

आणि हॉस्पिटलचं तीन वर्षांचं ठरवण्याआधी भागीदारीचा करार कपाटातून काढा. वेगळं काही लिहिलेलं नसेल तर १९३२ च्या कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी विसर्जित होते. "मर्जीनुसार" भागीदारी असेल तर कलम ४३ खाली एकाच्या लेखी नोटिशीनेही. सात वर्षांचं कर्ज काढताना पाचपैकी दोघे पासष्टीच्या पुढे असतील, तर निवृत्तीला हिस्सा कसा मोजायचा, मशीन घसाऱ्याच्या किमतीने की बाजारभावाने, मुलगा-सून डॉक्टर असतील तर त्यांना आपोआप जागा का, हे आधी. बरेचदा डॉक्टर बैठकीत गप्प बसतात कारण खरा प्रश्न हा असतो आणि विषयपत्रिकेवर दुसरंच काही असतं.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितोय. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच सोलापूरचे. १९३८ मध्ये थेट चीनला गेले, युद्धात जखमींवर उपचार करायला. त्यांनी बैठकीचं मानधन विचारलं होतं का?

ताळेबंद

नाही, आणि त्यांच्यावर सात वर्षांचं टर्म लोनही नव्हतं.

कडकभाकरी

मारला की ओ!

ताणाबाणा

पैशावर माझा थोडा वेगळा विचार. मानधन द्या, पण वेळ बरोबर निवडा, नाहीतर पैसे देऊनही कुणी येत नाही. रात्री साडेनऊनंतरची बैठक म्हणजे जांभया. रविवारी सकाळी बोलावलंत तर घरचे तुम्हाला शिव्या देतील. दोन ओपीडींच्या मधली दुपार, सव्वादोन ते तीन, एवढीच जागा. पंचेचाळीस मिनिटं, एकच प्रस्ताव. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा, आषाढीचा आठवडा, मार्चअखेर टाळा. थंडीत सगळ्यांच्या कॉन्फरन्स असतात. म्हणजे कामाचे महिने उरतात ते ऑगस्ट-सप्टेंबर आणि फेब्रुवारी, त्यातही ऑगस्ट-सप्टेंबर डेंग्यूत फिजिशियनला जमत नाही.

व्यवस्थापक_जुळेसोलापूर

डॉक्टरवार उत्पन्नाचा तक्ता सगळ्यांसमोर ठेवावा का? दोन भागीदारांचा आग्रह आहे, "पारदर्शकता हवी" म्हणून.

विजापूर रोड

ठेवा आणि भांडणं बघत बसा. ऑर्थोचं बिल इम्प्लांटने फुगलेलं असतं, बालरोगतज्ज्ञाचं कधीच दिसत नाही. पण त्याच्यामुळे प्रसूती इथे होतात. त्या तक्त्यात तो शेवटी येतो आणि पुढच्या महिन्यात समोरच्या हॉस्पिटलात जातो.

ताळेबंद

मी थोडा विरुद्ध आहे. भागीदारांना आकडे पाहण्याचा हक्क आहे, लपवलं की संशय वाढतो. मात्र एकूण बिल दाखवू नका. इम्प्लांट, औषधं, कन्सल्टंटचा वाटा वजा जाऊन हॉस्पिटलकडे उरलेलं दाखवा, आणि तेही विभागवार. प्रत्येक डॉक्टरला त्याचा स्वतःचा कागद, बंद पाकिटात.

विजापूर रोड

विभागवार चालेल. पण ज्या विभागात एकच डॉक्टर, तिथे विभागवार म्हणजे नावच की हो. दोन-तीन विभाग एकत्र करा. आणि ॲडमिशनचं टार्गेट असा शब्द जरी कुठल्या कागदावर आला तरी मी उठून जाईन.

क्लेमखिडकी

चौथ्या प्रस्तावाकडे कुणी बघितलंच नाही. योजना २०१२ पासून आहे, आधी राजीव गांधी जीवनदायी नावाने. इथे डॉक्टरांना आधी बसवलं नाही तर नंतर रोज भांडण.

पॅकेजची रक्कम ठरलेली असते. त्यातच खाट, तपासण्या, औषधं, इम्प्लांट, जेवण सगळं. सर्जनचा वाटा एकूण पॅकेजवर की खर्च वजा जाता, हे आधी लिहून घ्या. आणि कधी द्यायचा, डिस्चार्जला की क्लेमचे पैसे आल्यावर? डिस्चार्जला द्यायचं ठरवलंत तर मधला काळ हॉस्पिटलचं खेळतं भांडवल त्यात अडकतं. आल्यावर द्यायचं ठरवलंत तर नामंजूर क्लेमचा तोटा कुणाचा? माझ्या मते कागदाच्या चुकीने नामंजूर झाला तर ज्याची चूक त्याचा. डॉक्टरची नोट नसेल तर डॉक्टरचा, आमच्या डेस्कने उशिरा अपलोड केलं तर हॉस्पिटलचा.

क्लेम अडकतो तो बहुतेक वेळा नोटमुळे. पूर्वमंजुरीत लिहिलेलं निदान आणि डिस्चार्ज कार्डावरचं निदान जुळत नाही, ऑपरेशनच्या नोटवर वेळ नाही, इम्प्लांटचं स्टिकर चिकटवलेलं नाही. ज्या कन्सल्टंटला तीन ओळींपेक्षा जास्त लिहायचा कंटाळा आहे, त्याच्या विषयाची पॅकेजेस घेऊच नका.

सीमेपलीकडच्या पेशंटचं कार्ड वेगळ्या राज्याचं असतं. म्हणून वर्षभराचे पेशंट पिनकोडवार लावून बघा. इंडी-अफझलपूरकडचे बरेच असतील तर योजनेचा फायदा वाटतो तेवढा नाही, आणि रिसेप्शनला कन्नड बोलणारी मुलगी ठेवणं जास्त उपयोगाचं. शहराच्या पूर्व भागातल्या पेशंटसाठी तेलुगू.

औषधं_आणि_बरंच

खरेदीबद्दल एकच. ज्या डॉक्टरला मशीन हवंय त्याने तांत्रिक गरजा लिहाव्यात, कंपनीचं नाव लिहू नये. तीन कोटेशन, आणि भावाच्या चर्चेला तो डॉक्टर बाहेर. राग येतो, पण यातच त्याचीही अब्रू राहते.

देखभालीच्या करारांपैकी एएमसीत फक्त मजुरी असते, सीएमसीत सुटे भागही. पण सीटीची ट्यूब, बॅटऱ्या, प्रोब बारीक अक्षरात वगळलेले असतात. पाच वर्षांचा सीएमसीचा दर खरेदीच्या दिवशीच लिहून घ्या. मशीन आल्यावर घासाघीस होत नाही. डायलायझर, ट्यूबिंग कुठल्याही कंपनीचं चालतं का तेही विचारा. मशीन स्वस्त आणि कन्झ्युमेबल बांधलेलं, हा जुना धंदा आहे.

लहान_दवाखाना

तुमच्या चाळीस खाटांच्या चर्चेत आमच्यासारख्या दोन डॉक्टरांच्या दवाखान्याने काय करायचं? नवरा-बायको दोघंच, खाट एक पण नाही. नियोजन म्हणजे रात्री जेवताना बोललं ते.

ताणाबाणा

जेवताना नको, तेवढं पाळा. तिथे निर्णय होतो पण लिहिला जात नाही, आणि दोन महिन्यांनी दोघांच्या आठवणी वेगळ्या. महिन्यातून एक दुपार, एक वही. तीन आकडे पुरेत: नवे पेशंट किती, नंबर लागायला सरासरी किती मिनिटं (कंपाउंडरला फक्त आल्याची आणि आत गेल्याची वेळ लिहायला सांगा), आणि पंधरा दिवसांनी या म्हटलेल्यांपैकी किती आले. तिसरा आकडा पडला तर नवीन मशीन घेऊ नका, आधी का येत नाहीत ते बघा. शुगर-बीपीच्या पेशंटला पुढची तारीख कागदावर लिहून देणं आणि आदल्या दिवशी फोन, हीच तुमची स्ट्रॅटेजी.

सिस्टर_इन्चार्ज

खाटा वाढवल्या की १९४९ च्या कायद्याखालची नर्सिंग होम नोंदणी बदलून घ्यावी लागते. शहरात ते महापालिकेकडे. अग्निसुरक्षेचा 'ब' नमुना (यंत्रणा चालू असल्याचा दाखला) जानेवारी आणि जुलैत द्यायचा, जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी खाटांच्या संख्येवर. हे सगळं आराखड्याच्या तारखांत धरा. पलंग आलेत आणि परवानगी नाही म्हणून ते जिन्याखाली पडून असतात, असं नको.

व्यवस्थापक_जुळेसोलापूर

सगळ्यांचे आभार. तुमच्या प्रतिसादांवरून मांडलेलं बघा. चार दुपारी, सव्वादोन ते तीन. पहिल्या दुपारी फक्त भागीदार आणि करारनामा. दुसरीला ओटी (भूलतज्ज्ञ, स्त्रीरोग, सर्जरी, ओटी सिस्टर). तिसरीला आयसीयू. चौथीला योजना आणि डायलिसिस. मानधन सारखं. अध्यक्ष मीच?

विजापूर रोड

तुम्ही नको, रागावू नका. तुमच्याकडे सगळे पगाराच्या बाजूने बघतात. भागीदार नसलेला आणि चारही प्रस्तावांत ज्याचं काही अडकलेलं नाही असा डॉक्टर घ्या, पॅथॉलॉजिस्ट उत्तम. तुम्ही इतिवृत्त लिहा, खरी सत्ता तिथेच असते. आणि सरकारी नोकरीत असलेल्या, व्यवसायरोध भत्ता (खाजगी प्रॅक्टिस न करण्याबद्दलचा) घेणाऱ्या कुणाला "सल्ला द्यायला" म्हणून बोलावू नका, त्यांची अडचण होते.

ताणाबाणा

इतिवृत्त एका पानाचं, त्याच संध्याकाळी. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. आणि काय नाकारलं आणि का, हेही. नाकारलेला प्रस्ताव कारणासकट लिहिला नाही तर सहा महिन्यांनी तोच परत येतो. पहिल्या बैठकीत वर एक ओळ लिहा: उपचाराचे निकष आणि यंत्राच्या तांत्रिक गरजा डॉक्टर ठरवतील, कर्जाचा अंतिम शब्द भागीदारांचा, नवा विभाग दोघांनी मिळून. ही ओळ नसेल तर मत विचारलं म्हणजे निर्णय आपला, असं प्रत्येकाला वाटतं.

आणि योजना, डायलिसिस एका दुपारी बसणार नाही. पाच दुपारी करा.

भूलवाला

दुसऱ्या दुपारच्या आधी चार आठवड्यांच्या वेळा लिहून झाल्या पाहिजेत. म्हणजे आजपासून पाच आठवडे. त्याआधी बैठक लावलीत तर परत आवाजावर ठरेल.

सिस्टर_इन्चार्ज

आणि सव्वादोन ते तीन चार कन्सल्टंट एका खोलीत असताना वॉर्डचे फोन कोण घेणार ते आदल्या दिवशी बोर्डावर लिहा. नाहीतर दर पाच मिनिटांनी एक जण उठतो.

कडकभाकरी

जेवणाचं कुणी लिहिलं नाही अजून.

व्यवस्थापक_जुळेसोलापूर

भाकरी-चटणी ठरली, बिस्किट रद्द. पाच आठवड्यांनी पहिला कागद इथे टाकतो, पेशंटची-डॉक्टरांची नावं काढून. मूत्रपिंड सर, पाण्याचा नमुना आत्ताच तपासायला देऊ का?

मूत्रपिंड

नळ, बोअर आणि टँकर तिन्हींचे वेगवेगळे नमुने द्या, एकत्र नको. आणि एकदा देऊन भागणार नाही. बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, करवाला नव्हे) पावसाळ्यात उतरलेला दिसतो. आरओ प्लांटवाल्याला मे महिन्याचा आकडा द्या, नाहीतर तो पावसाळ्याच्या पाण्यावर प्लांट बसवेल आणि उन्हाळ्यात तुम्ही शिफ्ट बंद करत बसाल.